चोरीला गेलेल्या मालाची किंमत कोर्टात कशी सिद्ध होते

घरात चोरी झाली की ठाणे अंमलदारासमोर बसलेला माणूस पहिल्यांदा बोलतो तो रुपयांतच. “साहेब, पाच लाखांचं सोनं गेलं.” तसं बोलणं साहजिक आहे. पण पुढे कधीतरी खटला उभा राहतो, साक्षीला बोलावणं येतं, आणि आरोपीचा वकील नेमका याच पाच लाखांना हात घालतो. हा आकडा कुठून आला? कोणी मोजला? कोणत्या भावाने? त्या वेळी फिर्यादीच्या हातात कागद नसेल तर आकडा तर पडतोच, शिवाय त्याच्या बाकीच्या खऱ्या साक्षीवरही संशयाची सावली पडते.

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं करतो. ज्यांनी आजवर कोर्टाची पायरी चढलेली नाही अशा फिर्यादींसाठी हे लिहितो आहे. शहरात फ्लॅट फुटलेला असो, निफाडला विहिरीवरची मोटर गेलेली असो किंवा सिटीलिंकच्या बसमध्ये पर्स मारलेली असो, सगळ्यांना माझं सांगणं एकच असतं: ठाण्यात आकडा सांगू नका, आकडा ज्यातून निघतो ते सांगा. वजन, कस, कंपनी, मॉडेल, नंबर, खरेदीचं साल. हे फिर्यादीत नीट उतरलं की रुपये नंतर कोणालाही काढता येतात. ते नसेल तर नुसत्या रुपयांचा कोर्टात उपयोग होत नाही.

किंमत लागते कशाला

चोरीचा गुन्हा सिद्ध व्हायला किंमत लागतेच असं नाही. दहा रुपयांची वस्तू उचलली तरी ती चोरीच. मग एवढा खटाटोप का? कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने कलम ३०३(२) मध्ये पाच हजारांची रेघ ओढली आहे. माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. एरवी पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ही रेघ फिर्यादीला मात्र निकालाच्या दिवशी नाही, पहिल्याच दिवशी टोचते. पाच हजारांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र आहे. तिची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) होते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही.

दुसरी रेघ वीस हजारांची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम २८३ प्रमाणे वीस हजारांपर्यंतच्या चोरीचा खटला संक्षिप्त पद्धतीने चालतो, आणि तसा चालला तर तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. याखेरीज सापडलेला माल परत घेताना द्यायचं बंधपत्र, न सापडलेल्या मालाची भरपाई आणि विम्याचा दावा ही सगळी कामं किमतीवरच चालतात.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती न कळल्यामुळे लोक ठाण्यातून हात हलवत परत येतात. पाच हजारांची सूट फक्त ३०३(२) च्या साध्या चोरीला आहे. राहत्या घरातून किंवा माल साठवायच्या इमारतीतून झालेली चोरी, प्रवासी वाहनातून मारलेली वस्तू ही कलम ३०५ मध्ये येते आणि तिथे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हातातून हिसकावून नेलेला मोबाईल किंवा गळ्यातून ओढलेली साखळी कलम ३०४ मध्ये येते. दोन्ही दखलपात्र, किंमत कितीही असो. म्हणून बसमध्ये साडेतीन हजारांचा फोन गेला आणि कोणी “पाच हजारांच्या आत आहे, एनसी घेऊन जा” म्हणालं, तर चोरी चालत्या बसमध्ये झाली हे ठामपणे सांगा आणि फिर्यादीत तसं लिहून घ्या. बसचा मार्ग, कुठे चढलात, कुठे लक्षात आलं, तिकीट असेल तर तेही जोडा.

चोरी १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनी भारतीय दंड संहिता लागते आणि तिच्यात पाच हजारांची ही भानगड नाही.

पहिली पायरी: यादी, आणि ती घरूनच

घटनास्थळाचा पंचनामा होईपर्यंत कपाटाला हात लावू नका. पण तोवर बाहेर बसून वही उघडा. घरातल्या सगळ्यांना विचारत एकेका वस्तूची ओळ लिहा: वस्तू काय, कशी दिसते, वजन किंवा माप किती, कोणाकडून आणि साधारण कधी घेतली, तिचा कागद कुठे आहे. रुपयांचा रकाना शेवटी ठेवा. माहीत नसेल तर मोकळा सोडा.

खूण असेल तर ती जरूर लिहा. डाग दिलेली कडी, वाकलेला फासा, अंगठीच्या आतलं अक्षर, टाकीवर पोचा आलेली मोटरसायकल. माल सापडल्यावर तो तुमचाच हे याच खुणांवरून ठरतं, आणि आधी “तुमचाच” ठरल्याशिवाय किमतीला अर्थ नसतो.

घाईत काही राहून जातं. चार दिवसांनी देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजनही गेल्याचं लक्षात येतं. तेव्हा गप्प बसू नका. तपासी अंमलदाराकडे जाऊन पुरवणी जबाब द्या, किंवा अर्ज देऊन पोहोच घ्या. चार दिवसांनी दिलेल्या पुरवणी जबाबाला वकील फारसं काही करू शकत नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात पहिल्यांदा उगवलेलं निरांजन मात्र पुसलं जातं.

दुसरी पायरी: फिर्याद

नाशिक शहरात पोलीस आयुक्तालय, तर सिन्नर, निफाड, दिंडोरी, लासलगाव हा भाग ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. हद्दीचा वाद कोणी घातला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्याला दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते; पुढे ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. फिर्यादीची प्रत तुम्हाला मोफत मिळते. ती घ्या आणि तिथेच बसून वाचा. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते.

वाचताना काय पाहायचं? “सोन्याचे दागिने किंमत अंदाजे दोन लाख” अशी एकच ओळ असेल तर थांबवा. दागिनावार ओळी हव्यात आणि वजन ग्रॅममध्ये हवं. तोळ्याचा हिशेब फसवा असतो. आज पेढीवर तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, जुन्या हिशेबात तो ११.६६ ग्रॅमचा. आजी “पाच तोळ्यांच्या पाटल्या” म्हणते तेव्हा तिच्या मनात ५८ ग्रॅम असतात आणि फिर्याद लिहिणाऱ्याच्या मनात ५०. पुढे पाटल्या सापडल्या आणि काट्यावर ५८ भरल्या, तर त्या तुमच्या नव्हेतच असा युक्तिवाद होतो. आठ ग्रॅमसाठी माल हातचा जाऊ देऊ नका.

वजन नक्की ठाऊक नसेल तर “अंदाजे” हा शब्द लिहून घ्या. तो तुमचा कमीपणा नाही. पिंजऱ्यात तोच तुम्हाला वाचवतो.

भाव कोणत्या दिवसाचा, हा ठाण्यातला नेहमीचा वाद. वीस वर्षांपूर्वीच्या पावतीवरचे रुपये तसेच उतरवले की लाखाचा दागिना काही हजारांचा होतो. कलमात किंमत कशी मोजायची याची पद्धत दिलेली नाही. पण तुमचं नुकसान झालं ते चोरीच्या दिवशी, तेव्हा त्या दिवशी बाजारात त्या मालाचे किती आले असते तीच किंमत सांगणं बरोबर. फिर्यादीत दोन्ही येऊ द्या: खरेदीचं साल व रक्कम, आणि चोरीच्या दिवशीची किंमत. म्हणजे नंतर कोणी पावती पुढे करून “आकडा फुगवला” असं म्हणू शकत नाही.

आणि खरोखरच फुगवू नका. गेले सहा दागिने, लिहिले नऊ, असं करणारे भेटतात. सापडल्यावर निदान निम्मं तरी मिळेल असा त्यांचा हिशेब असतो. खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय आरोपीकडे नेमके सहाच सापडले की उरलेल्या तिनांमुळे सहांवरचा तुमचा शब्दही डळमळतो.

तिसरी पायरी: वस्तूप्रमाणे कागद

सोन्याबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडे घरफोडी म्हटली की सोनं आलंच. पक्क्या पावतीवर एकूण वजन, निव्वळ वजन, कॅरेट, भाव आणि मजुरी वेगवेगळी असते. मंगळसूत्रात काळे मणी, नथीत मोती, जुन्या तोड्यांत भरलेली लाख. काट्यावर सगळंच चढतं, पण किंमत निव्वळ सोन्याची. समजा मंगळसूत्र एकूण २६.४०० ग्रॅमचं, त्यातले मणी २.१०० ग्रॅमचे. निव्वळ सोनं २४.३०० ग्रॅम. उदाहरणापुरता २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला ७,००० धरला तर १,७०,१०० रुपये. मजुरी आणि कर वेगळे दाखवा, सोन्याच्या किमतीत मिसळू नका.

१ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. तो पावतीवर असेल तर बीआयएस केअर या ॲपवर टाकून दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता पाहता येते. एकाच नमुन्याच्या शंभर साखळ्या बाजारात असल्या तरी हा क्रमांक तुमच्या एकट्या साखळीचा. फिर्यादीत तो घालाच.

पावती दागिन्यासोबत डब्यातच होती आणि तीही गेली, असं फार वेळा होतं. तसं फिर्यादीत सांगा आणि सराफ बाजारातल्या ज्या पेढीवरून घेतलं तिथे जाऊन नोंद काढायला सांगा. जीएसटीच्या नियमाप्रमाणे दुकानदाराला वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब सांभाळावे लागतात, त्यामुळे अलीकडच्या खरेदीची दुसरी प्रत मिळायला अडचण येऊ नये.

सासूबाईंच्या वेळचं सोनं असेल तर पावती कुठली? इथे लोक धीर सोडतात, आणि सोडू नये. मालकाला आपल्या वस्तूबद्दल तोंडी साक्ष देता येते, आणि कोर्ट ती पावती नाही म्हणून फेकून देत नाही. तिला आधार मात्र शोधा. सगळ्यांत भक्कम आधार सोनेतारणाचा. तो दागिना कधी बँकेत किंवा पतसंस्थेत ठेवला असेल तर मूल्यांकनकाराच्या दाखल्यात त्याचं वर्णन, एकूण व निव्वळ वजन आणि कॅरेट लिहिलेलं असतं. चोरीच्या कितीतरी आधी, चोरीशी संबंध नसलेल्या माणसाने केलेली नोंद म्हणून तिला वजन येतं. त्याखालोखाल लग्नातले फोटो, डागडुजीची चिठ्ठी, मोड देऊन नवं केल्याची पावती, दागिना घडवणारा कारागीर.

मोबाईलचं बिल, खोक्यावरचा आयएमईआय (त्या एका फोनचा ओळख क्रमांक), आणि तो सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक केल्याची नोंद, एवढं पुरे. अडचण किमतीची होते. बारा हजारांचा फोन तीन वर्षांनी पाच हजारांच्या वर की खाली? एमजी रोडवर जुने मोबाईल विकणाऱ्या दुकानदाराकडून त्याच मॉडेलचा, तशाच स्थितीतल्या फोनचा भाव लेटरहेडवर, तारखेसह घ्या. आणि चोरीत एकटा फोन गेला नसेल तर सगळ्याची बेरीज करा: पर्स, तिच्यातली रोकड, चांदीचा छल्ला, इअरफोन. एकाच चोरीत गेलेला माल एकत्र मोजायचा. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर जायच्या आधी घरातल्या प्रत्येक फोनचा आयएमईआय वहीत उतरवून ठेवा; गर्दीत फोन गेल्यावर खोकं शोधत बसायची वेळ येत नाही.

गाडीचं सोपं आहे. विमा पॉलिसीवर आयडीव्ही म्हणून छापलेली रक्कम ही घसारा धरून काढलेली किंमत असते, आणि ती चोरीच्या आधीच ठरलेली असते. आरसी, पॉलिसी, दोन्ही किल्ल्या.

शेतमालासाठी थोडी जास्त मेहनत लागते. कांद्याच्या चाळीतून पोती गेली तर आधी किती गेला हे ठरवावं लागतं: चाळीत भरताना किती क्विंटल भरला, त्यातून किती विकला, विक्रीच्या हिशोबपट्ट्या काय सांगतात, किती उरायला हवा होता. मग भाव. लासलगाव किंवा पिंपळगाव बाजार समितीच्या त्या तारखेच्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव असतात. तुमच्या त्याच चाळीतला माल त्या आठवड्यात विकला गेला असेल तर त्या पट्टीवरचा भाव द्या, नाहीतर सरासरी. कमाल भाव लावायचा मोह टाळा. कांदा चाळ ही माल साठवायची इमारत आहे, म्हणून कलम ३०५ चा मुद्दा तपासी अंमलदारापुढे मांडा. वेलावरची द्राक्षं तोडून नेली तरी ती चोरीच. जमिनीला जोडलेली वस्तू तोडून सुटी केली की ती जंगम होते.

विहिरीवरच्या मोटरीचा अश्वशक्तीचा आकडा, कंपनी, पट्टीवरचा क्रमांक आणि केबल किती मीटर, हे लिहा. चोराने केबल जाळून तांबं भंगारवाल्याला किलोवर विकलं तर ते पैसे ही तुमच्या मालाची किंमत नव्हे. तुमची गेली ती चालू केबल.

सातपूर, अंबडच्या कारखान्यांत माल गेला तर स्टॉक रजिस्टर, खरेदीचं बीजक, ई-वे बिल आणि या नोंदी ठेवणारा स्टोअरकीपर साक्षीदार म्हणून.

रोख रकमेची किंमत सिद्ध करावी लागत नाही, ती घरात होती हे सिद्ध करावं लागतं. बँकेतून काढल्याची नोंद, मालविक्रीची पट्टी, कोणत्या नोटा किती. हिशेबात न बसणारी रक्कम सांगायला लोक कचरतात आणि कमी सांगतात. मग आरोपीकडे जास्त सापडते आणि उरलेल्या पैशांवर हक्क सांगायची वेळ आली की तोंडच उघडत नाही.

फोटो, ऑनलाइन बिलं, व्हॉट्सॲपवरचे संदेश कोर्टात द्यायचे तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा. ज्या फोनमध्ये मूळ फोटो आहे तो फोन विकू नका.

चौथी पायरी: माल सापडल्यावर

आरोपी निवेदन देतो, पंचांसमक्ष जागा दाखवतो, माल निघतो, जप्ती पंचनामा होतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण करावं लागतं. किमतीच्या दृष्टीने या सगळ्यात एकच क्षण महत्त्वाचा: काटा. सराफ येतो, दागिना ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे हे पंच पाहतात, एकेक दागिना वेगळा चढतो, आकडा मोठ्याने वाचला जातो आणि पंचनाम्यात उतरतो. सगळे दागिने एकदम टाकून “एकूण वजन अमुक” असं झालं की पुढे एकाही दागिन्याचं वजन जुळवता येत नाही. तपासी अंमलदाराला नम्रपणे विनंती करा की काट्याचा आकडा चित्रणात दिसू द्यावा. पाकिटावर लेबल, पंचांच्या सह्या, लाखेचं सील.

माल ओळखायला बोलावतील तेव्हा त्याआधी तो पाहू नका, कोणी मोबाईलवर फोटो दाखवत असेल तरी नको. ओळख सारख्या दिसणाऱ्या दागिन्यांतून करायची असते. आधी पाहिला होता असं निघालं तर ती ओळख वाया जाते.

चोरलेलं सोनं वितळवून लगड केली असेल तर ओळखीचा मार्ग संपतो. तेव्हा उरतो तो वजन आणि कसाचा ताळेबंद: किती ग्रॅम, किती कॅरेटचं गेलं, लगड किती भरली, वितळवणाऱ्याचा जबाब काय. एका लगडीवर दोन-तीन घरफोड्यांतले फिर्यादी हक्क सांगायला येतात. ज्याच्या फिर्यादीत ग्रॅम नीट आहेत त्याचं म्हणणं उभं राहतं.

सराफाने दिलेल्या मूल्यांकन दाखल्यात तारीख, निव्वळ वजन, कॅरेट, लावलेला भाव आणि त्याची सही असायला हवी. कागद स्वतःहून बोलत नाही. आरोपीने तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३० खाली कबूल केला नाही तर सही करणाऱ्याला येऊन साक्ष द्यावी लागते. म्हणून दोषारोपपत्र दाखल व्हायच्या आत तपासी अंमलदाराला विचारा: सराफाचं नाव साक्षीदारांच्या यादीत आहे ना? ते राहून गेलं की दाखला फाईलमध्ये असूनही त्याला निशाणी क्रमांक (पुरावा म्हणून वाचायच्या कागदाला कोर्ट देतं तो क्रमांक) मिळत नाही, आणि निशाणी नसलेला कागद निकालात वाचला जात नाही. मला या एका चुकीचं फार वाईट वाटतं, कारण ती दोन मिनिटांच्या चौकशीने टळते.

पाचवी पायरी: सुपूर्तनामा

खटला संपेपर्यंत मंगळसूत्र मुद्देमालाच्या पेटीत राहू द्यायची गरज नाही. तो तुमच्या ताब्यात सांभाळायला मिळावा, म्हणजेच सुपूर्तनाम्यावर मिळावा, म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माल ठाण्यात पडून राहू नये. सविस्तर पंचनामा करावा, फोटो काढावेत, बंधपत्र घ्यावं आणि माल मालकाला द्यावा. नव्या संहितेने त्यावर मुदतही घातली: माल कोर्टापुढे आल्यापासून १४ दिवसांत त्याचं वर्णनपत्र, फोटो वा चित्रण, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश.

अर्जासोबत फिर्यादीची प्रत, मालकीचा कागद, ओळखपत्र. कोर्ट पोलिसांचं आणि सरकारी वकिलांचं म्हणणं मागवतं. बंधपत्राची रक्कम पंचनाम्यातल्या किमतीवर ठरते, आणि फुगवलेला आकडा इथे तुमच्याच गळ्यात येतो. दागिना मिळाला की तो मोडायचा नाही, त्याचं रूप बदलायचं नाही. कोर्टाने बोलावलं की आणून दाखवायचा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

सहावी पायरी: साक्ष

समन्स आलं की फिर्याद, पुरवणी जबाब आणि पावत्या पुन्हा वाचा. पाठांतर नको. नाशिकचे खटले सीबीएसजवळच्या मुख्य न्यायालयात, तालुक्याचे त्या त्या न्यायालयात. सरकारी वकिलांना आधी भेटून मूळ पावत्या बरोबर असल्याचं सांगा, म्हणजे सरतपासणीत (सरकारी वकील तुम्हाला आधी प्रश्न विचारतात तेव्हा) त्या तुमच्या हातात देऊन ओळखायला लावता येतात. झेरॉक्सवर भागवू नका.

उलटतपासणी साधारण अशी जाते.

“फिर्यादीत तुम्ही मंगळसूत्र तीन तोळ्यांचं सांगितलं. पावतीवर २६.४०० ग्रॅम आहे. कोणतं खरं?”

“पावतीवरचं. फिर्यादीत अंदाजे सांगितलं होतं, तसं लिहिलंय.”

“२६.४०० मध्ये काळे मणी धरले आहेत?”

“हो. सोनं २४.३००. पावतीत वेगळं दाखवलंय.”

“तुम्ही सराफ नाही. किंमत तुम्हाला कशी कळली?”

“पेढीवर त्या दिवशीचा भाव विचारला होता.”

एवढंच. तीन तोळे कसे बरोबर आहेत हे पटवायच्या फंदात पडू नका. पावती तुमच्या बाजूची आहे, तिच्याशी भांडू नका. आठवत नसेल तर “आठवत नाही” म्हणा. शेवटी वकील एकामागून एक सूचना करतो आणि जबाबात ओळी उमटतात, “हे म्हणणे खरे नाही की, मी मालाची किंमत वाढवून सांगितली.” या ओळी पाहून नवखे फिर्यादी हबकतात. ती नेहमीची पद्धत आहे, तुमच्यावरचा आरोप नव्हे. जबाब मराठीत टंकला जातो; सही करण्याआधी ग्रॅम आणि रुपयांचे आकडे बोट ठेवून वाचा. २४.३०० चं २४३ झालेलं सहीआधी एका शब्दात दुरुस्त होतं, नंतर त्यासाठी अर्ज करावा लागतो.

पंच फितूर झाले तरी सगळं बुडत नाही. तपासी अंमलदार, सराफ आणि तुमची ओळख यांवर जप्ती टिकू शकते.

सातवी पायरी: जे सापडलंच नाही त्याचं

शिक्षा झाली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली कोर्ट दंडाच्या रकमेतून, किंवा दंड नसेल तर स्वतंत्र आदेशाने, भरपाई देऊ शकतं. ती आपोआप मिळेल म्हणून वाट पाहू नका. युक्तिवादाच्या वेळी सरकारी वकिलांकडे, किंवा कोर्टाच्या परवानगीने त्यांना साहाय्य करणाऱ्या तुमच्या वकिलाकडे, एक पानाचा तक्ता द्या: गेलेली वस्तू, निव्वळ वजन, चोरीच्या दिवशीची किंमत, निशाणी क्रमांक, सापडली की नाही. न्यायाधीशांना आकडा शोधत फाईल चाळावी लागली तर तो आकडा निकालात येईलच असं सांगता येत नाही.

भरपाई तोकडी वाटली तर त्याच संहितेच्या कलम ४१३ प्रमाणे पीडिताला अपील करता येतं. निकालाच्या दिवशीच नक्कल विभागात प्रमाणित प्रतीचा अर्ज टाका. सुपूर्तनाम्यावर घेतलेला माल अपिलाची मुदत संपेपर्यंत आणि बंधपत्रातून मोकळं केल्याचा आदेश हातात येईपर्यंत विकू किंवा मोडू नका.